भयपटाची सुरुवात: लाइट्सविना रात्र

वेंगुर्ल्याजवळच्या कौलारू घरात आमच्या कॉलेजच्या भयपटाची सुरुवात चित्रित करत होतो. मोबाइलवर रात्रीचं फुटेज नुसतं दाणेदार, मागचे माडसुद्धा दिसेनात. लाइट्स भाड्याने आणायला पैसे नव्हते.

मग सूर्य बुडाल्यानंतरचा अर्धा तास धरला. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटा ठरवणारी सेटिंग) ३२०० केल्विनवर लॉक केला की आकाशाचा उजेड गडद निळा येतो. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, थोडं खाली घेतलं. पडवीतला साधा पिवळा बल्ब तेवढा उबदार राहिला, आणि खरी भीती त्याच फरकातून आली! बल्ब लुकलुकू नये म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची.

समुद्राची गाज वेगळी रेकॉर्ड करून दाराची कडी उघडताच एकदम तोडली. वाऱ्याचा आवाज टाळायला माइकवर लोकरीचा मोजा चढवा, पुरतो.