स्क्रीन फिरत नाही? लॅमिंग्टन रोडला निघण्याआधीची तयारी

टू-इन-वन लॅपटॉप दुमडून टॅबलेटसारखा उभा धरला आणि चित्र आडवंच राहिलं, की पहिली धास्ती ‘स्क्रीन गेली’ हीच असते. बहुतेक वेळा ती खरी नसते. म्हणून दुरुस्तीसाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायला ग्रँट रोडची लोकल पकडण्याआधी घरी एक संध्याकाळ तपासणीसाठी काढाच. बिघाड सेटिंगमध्ये आहे, ड्रायव्हरमध्ये (सुटा भाग विंडोजशी जोडून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे की सुट्या भागात, हे माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला नको तो खर्च सहसा गळ्यात पडत नाही.

सगळ्यात आधी एचडीएमआयची वायर, डॉक (जास्तीची पोर्ट देणारा डबा), बाहेरचा मॉनिटर काढून ठेवा. ते जोडलेले असताना अनेक मशीनवर स्क्रीन आपोआप फिरतच नाही. मग विंडोजचं बटण आणि ए एकत्र दाबून रोटेशन लॉक, म्हणजे चित्र फिरणं अडवणारा पर्याय, चालू राहिलंय का पाहा. लॅपटॉप नेहमीसारखा उघडा असताना हा पर्याय बऱ्याचदा फिकट दिसतो, दाबता येत नाही. तो बिघाड नव्हे. झाकण पूर्ण मागे नेऊन पुन्हा पाहा.

त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन चित्राची दिशा हाताने बदला. चित्र उभं झालं, तर पॅनेल (स्क्रीनची काच) आणि ग्राफिक्स दोन्ही धडधाकट आहेत. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण यानंतर कुणीही ‘स्क्रीन बदलावी लागेल’ म्हणालं तर ठाम नकार द्यायचा आहे.

आता खरी महत्त्वाची परीक्षा. चित्र कधी फिरवायचं हे दोन वेगळ्या गोष्टींवर ठरतं. ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून खालची बाजू कुठली ते ओळखतो, आणि झाकण किती मागे गेलंय हे वेगळी यंत्रणा सांगते. काही मॉडेलांत ती चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असते, काहींत झाकणात आणि कीबोर्डाखाली मिळून दोन ॲक्सेलरोमीटर. नोटपॅड उघडा, झाकण पूर्ण मागे दुमडा आणि पाठीमागच्या कळा दाबा. अक्षरं उमटली नाहीत, तर मशीनला टॅबलेट झाल्याचं कळलंय. संशय ॲक्सेलरोमीटरवर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर. अक्षरं उमटत राहिली, तर दुमडल्याचंच कळलेलं नाही. अशा वेळी चुंबकाचं मोबाइल कव्हर, चुंबकाने चिकटणारं पेन, चुंबकाच्या बटणाची स्लीव्ह हे सगळं लांब ठेवून पुन्हा करून पाहा. दोन्ही वेळचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा. दुकानात गर्दीत समजावून सांगण्यापेक्षा तो दाखवणं सोपं जातं.

मग मशीन रीस्टार्ट करा, नुसतं शट डाउन नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्टमध्ये होतो. त्यानेही जमलं नाही तर मशीन बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी तीन गोष्टी: फाइलींचा बॅकअप, रिस्टोअर पॉइंट (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय), आणि डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर मशीन ती मागू शकतं आणि तेव्हा शोधाशोध फार जिवावर येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सेन्सर्स’ हा भाग दिसतो का, पिवळं चिन्ह आहे का पाहा. विंडोज नव्याने टाकलं असेल तर इथेच घोडं अडलेलं असण्याची शक्यता मोठी; कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचे सेन्सर आणि चिपसेटचे ड्रायव्हर घ्या. सर्व्हिसेसच्या यादीत सेन्सर मॉनिटरिंग सर्व्हिस कुणी ‘डिसेबल’ केलेली नाही ना, तेही बघा. जमत असेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू ही विंडोजऐवजीची ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल न करता चालवून मशीन दुमडून फिरवा. तिथे चित्र फिरलं तर सेन्सर जिवंत आहे. नाही फिरलं तर त्यावरून काही ठरवू नका, प्रत्येक सेन्सर तिथे ओळखला जातोच असं नाही.

एवढं करूनही अडलं, तर बिल शोधा. वॉरंटी उरली असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जा, बाहेर मशीन उघडू नका. संपली असेल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला चालत आहे. रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. बॅगेत चार्जर, पेन, बिलाची प्रत, खालच्या स्टिकरवरचा मॉडेल व सीरियल नंबर आणि ते व्हिडिओ. मशीन स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा, पावसाळ्यात जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, आणि गाडीत बॅग पोटाशी धरा. गर्दीचा दाब पॅनेलवर आला तर नसलेला बिघाड तयार होईल.

पैसे देण्याआधी काउंटरवरच मशीन चारही बाजूंनी फिरवून बघा. दुमडल्यावर कळा बंद आणि उघडल्यावर चालू होतायत ना, ते तपासा. कॅमेरा आणि वाय-फायही चालवून पाहा, कारण कॅमेऱ्याची केबल आणि बऱ्याच मॉडेलांत अँटेनाच्या वायरी हिंजमधूनच, म्हणजे झाकणाच्या बिजागरीतूनच, जातात.