बायबल तुकड्यातुकड्यांत वाचताय? या चुका टाळा

आमच्या विक्रोळीच्या घरगुती प्रार्थनेला एक मावशी येतात, त्यांचं बायबल मिटलेलं असताना बाजूने बघितलं ना की लगेच कळतं कुठे कुठे वाचलंय. उत्पत्ती, निर्गमची कड हाताळून काळपट झालेली, स्तोत्रसंहिता तशीच, शुभवर्तमानं तशीच, आणि मधला एवढा मोठा भाग पांढराशुभ्र. दर 1 जानेवारीला सुरुवात आणि फेब्रुवारीत तिसरं पुस्तक लेवीय आलं की गाडी बंद. माझंही बरीच वर्षं हेच चाललं होतं, आणि अडचण आळसाची नव्हतीच, वाचायची पद्धतच चुकत होती.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे 66 पुस्तकं (कॅथलिक बायबलात 73) म्हणजे 66 वेगवेगळे विषय असं धरून चालणं. गोष्ट एकच आहे. देवाला माणसांमध्ये राहायचंय, माणूस त्याच्यापासून तुटला, आणि देव स्वतः येऊन त्याला परत आणतो. उत्पत्ती 3 च्या शेवटी जीवनाच्या झाडाकडे जायचा रस्ता बंद होतो, तिथे पहारा बसतो, आणि शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, प्रकटीकरण 22 मध्ये, तेच झाड परत दिसतं. मधलं जे काही आहे ते या दोन झाडांच्या मधलं आहे.

आता लेवीय. ते कंटाळवाणं म्हणून सोडतात, पण एक करून बघा. निर्गम 40 वाचा, निवासमंडप म्हणजे देवाच्या भेटीचा तंबू (यालाच दर्शनमंडपही म्हणतात) उभा राहतो, देवाचं तेज आत भरतं आणि खुद्द मोशेला आत जाता येत नाही. मग थेट गणना 1:1 उघडा, तिथे देव मोशेशी दर्शनमंडपात बोलतोय. आम्ही ग्रुपमध्ये ही दोन वचनं लागोपाठ वाचली तर मावशी पटकन म्हणाल्या, "अगं, मग मधे तो आत गेला कसा?" तेच तर लेवीय सांगतं! पवित्र देवाजवळ पापी माणसाने जायचं कसं आणि जिवंत राहायचं कसं, अख्खं पुस्तक याच प्रश्नाभोवती आहे, आणि बरोबर मधे 16 वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, वर्षातून एकदाच, फक्त महायाजक, रक्त घेऊन सगळ्यात पवित्र जागेपुढच्या पडद्याच्या आत. तो पडदा डोक्यात ठेवून मत्तय 27:51 वाचा, येशूने प्राण सोडल्यावर मंदिरातला तसाच पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. वरपासून, म्हणजे माणसाच्या हाताने नाही. आपल्याकडे लग्नात अंतरपाट बाजूला होतो तेव्हा सगळा मांडव कसा थांबलेला असतो, मला ते वाचताना दरवेळी तोच क्षण आठवतो.

दुसरी चूक मोबाईलमुळे वाढलीय, वचन सुटं काढायचं आणि फॉरवर्ड करायचं. यिर्मया 29:11, तुमच्या हिताच्या योजना वगैरे, प्रत्येक प्रॉमिस कार्डवर. पण ते बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षं थांबा म्हटलंय! ऐकणाऱ्यांतले बरेचसे परत येणारच नव्हते. आणि तोपर्यंत काय करायचं, तर तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नगर-जालन्याहून पोटासाठी मुंबईत आलेल्या आपल्या लोकांना हे पूर्ण पत्र एका ओळीपेक्षा कितीतरी जास्त देऊन जातं.

पुस्तकांचा क्रम म्हणजे काळाचा क्रम नाही, इथेही खूप जण गोंधळतात. आमोस, होशेय हे संदेष्टे इ.स.पू. 722 ला उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडायच्या आधीचे, त्यांना राजांच्या पुस्तकांबरोबर वाचा. हाग्गय आणि जखऱ्या बाबेलच्या बंदिवासानंतरचे, ते एज्राबरोबर ठेवले की लगेच उलगडतात, एज्रा 5:1 मध्ये दोघांची नावंच आहेत.

दावीदाने धिप्पाड योद्धा गल्याथला हरवलं म्हणजे धीट व्हा, हे संडे स्कूलपुरतं ठीक. पण 1 शमुवेल 17 मध्ये आपण दावीद नसून 40 दिवस घाबरून उभं असलेलं सैन्य आहोत असं वाचून बघा, सगळ्यांच्या वतीने देवाने निवडलेला एकटा अभिषिक्त उतरतो आणि त्याचा विजय सगळ्यांचा होतो. आता कळतं ना गोष्ट कुठे चाललीय, येशूकडे.

याच्या उलटही होतं, मंडपाच्या प्रत्येक खुंटीत, प्रत्येक दोरीत येशू शोधायचा. नको. नवा करार स्वतः जिथे जोडतो तिथून सुरू करा, वल्हांडणाचं (मिसरमधून सुटकेच्या सणाचं) कोकरू, मंडप, दावीदाचं सिंहासन, एवढंच पुष्कळ आहे.

आणि जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला प्रेमळ, हे तर दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक शिक्षक म्हणालाच होता आणि मंडळीने (चर्चने) ते नाकारलं. निर्गम 34:6 वाचा, दयाळू, मंदक्रोध, हे शब्द तिथलेच आहेत.

अडकलाच तर आधी एवढंच वाचा: उत्पत्ती 1 ते 3 आणि 12, निर्गम 12, 2 शमुवेल 7, यशया 53, यिर्मया 31, लूक 24, प्रेषितांची कृत्ये 2, प्रकटीकरण 21 आणि 22. लूक 24 सावकाश वाचा. यरुशलेमहून अम्माऊस गावाचा रस्ता सुमारे 11 किलोमीटर, साधारण दादरहून चर्चगेटला चालत जाण्याएवढा, आणि त्या रस्त्यावर पुनरुत्थित येशू स्वतः दोघा खचलेल्या शिष्यांना मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांपर्यंत आपल्याबद्दल काय लिहिलंय ते समजावत चालतो.

जुनी मराठी जड जात असेल तर सोप्या मराठीतली आवृत्ती शेजारी ठेवा, पण करार, कोकरू, वल्हांडण, मंडप हे शब्द दिसले की पेन्सिलने खूण करा, पुढच्या पुस्तकात ते परत भेटतील तेव्हा मागचं पान उघडता आलं पाहिजे.