जेवणापूर्वीचा साबण: विषाणूंपासून हात राखण्याची रीत

गोव्यातील बहुतेक मासळीखाऊ घरांत साबणाचा मनापासून वापर होतो तो जेवणानंतर. बांगड्याचे हुमण (माशाची आमटी) किंवा तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके खाल्ल्यावर बोटांचा वास जावा म्हणून हात साबणाने दोन-दोनदा धुतले जातात, वर कोणी लिंबाची फोडही चोळतो; पण पानावर बसण्यापूर्वी त्याच हातांवर पाण्याचा एक हबका मारला की पुरे झाले, असे मानले जाते. विषाणूंच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. जेवणानंतर हाताला राहतो तो नुसता वास. जेवणापूर्वीच्या हातांवर मात्र सकाळपासून हाताळलेल्या नाण्यांचे, नोटांचे, कदंब बसच्या दांड्यांचे, फेरीबोटीच्या कठड्याचे आणि मोबाइलचे अवशेष असतात, आणि तेच घासाबरोबर पोटात जातात. एका दिवसात हात किती वेळा धुतले याचा हिशेब ठेवण्यापेक्षा ते केव्हा, कशाने आणि कसे धुतले याकडे लक्ष दिलेले अधिक फायद्याचे ठरते.

विषाणू हातावर वाढत नाही. वाढण्यासाठी त्याला जिवंत पेशी लागते, आणि धडधाकट त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असल्याने तेथे त्याला शिरकाव मिळत नाही. तो आत जातो डोळ्यांतून, नाकातून किंवा तोंडातून, आणि तेथवर त्याला आपणच नेऊन सोडतो. ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय विद्यार्थ्यांचे निरीक्षण करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्येक विद्यार्थी तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावतो असे आढळले, आणि त्यांतील जवळपास निम्मे स्पर्श डोळे, नाक व तोंड यांनाच होते. उद्याच्या डॉक्टरांची ही गत, तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळीवालीकडून ओली नोट परत घेऊन त्याच हाताने घाम पुसणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी वेगळे काय सांगावे? चेहऱ्याला हात लावू नका, हा उपदेश योग्य असला तरी पाळला जाणे कठीण आहे. म्हणून जो हात चेहऱ्याला लागणारच आहे, तो स्वच्छ ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

साबण काय करतो

हात धुण्याच्या दृष्टीने विषाणूंचे दोन गट पडतात. कोरोना आणि फ्लू यांच्या विषाणूंभोवती मेदाचे एक पातळ आवरण असते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे मेदाकडे. हे दुसरे टोक त्या आवरणात घुसते, आवरण विस्कटते आणि विषाणू निकामी होतो. दुसऱ्या गटातील विषाणूंना असे आवरणच नसते. उलट्या-जुलाब घडवणारे नोरोव्हायरस व रोटाव्हायरस, कावीळ आणणारा हिपॅटायटिस ए आणि लहान मुलांच्या हाता-पायांवर व तोंडात फोड आणणारे एंटेरोव्हायरस या गटात येतात. त्यांच्याभोवती प्रथिनांचे चिवट कवच असते आणि साबण ते सहजी फोडू शकत नाही. तेथे साबणाचे काम वेगळे असते: त्वचेवरील तेल व मळ तो सुटा करतो, त्यात अडकलेले विषाणू मोकळे होतात आणि पाण्याची धार त्यांना वाहून नेते. नारळाच्या रसाचे हुमण वाढलेले ताट नुसत्या पाण्याने कितीही विसळले तरी ओशट राहते आणि साबण लागताच एका धारेत निघते. हातांवरही तेच घडते.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. चोळल्याशिवाय साबणाला अर्थ नाही, आणि पाणी वाहते हवे. चार जणांनी एकाच घमेल्यात हात बुचकळले तर मोकळे झालेले विषाणू घमेल्यातच राहतात आणि पुढच्याच्या हाताला लागतात. पाणी गरम असण्याची गरज नाही. साबण महागडा किंवा जंतुनाशक असण्याचीही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटकांवर घरगुती हातधुणीच्या साबणांत बंदी घातली, ती ते घटक साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नाही म्हणूनच. अंगाची साधी वडी पुरेशी आहे. पूर्वी खेडोपाडी शौचानंतर हाताला माती चोळण्याची पद्धत होती; मातीत जंतांची अंडी असू शकतात, तेव्हा ती पद्धत आता सोडलेलीच बरी.

धुण्याची रीत

आधी हात मनगटापर्यंत ओले करावेत, नळ बंद करावा आणि तळहाताला साबण लावून भरपूर फेस काढावा. तळहात तळहातावर चोळणे सर्वांनाच येते आणि बहुतेकांचे हात धुणे तेथेच संपते. खरी हयगय होते ती इतर जागांची. म्हणून एका हाताचा तळवा दुसऱ्या हाताच्या पाठीवर ठेवून, बोटांत बोटे घालून, बेचक्यांपर्यंत फेस जाईल असे चोळावे आणि मग हात बदलावा. त्यानंतर एका हाताचा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून गोल फिरवावा. अंगठा सर्वाधिक वापरला जातो, तरी धुताना तोच हमखास राहून जातो. शेवटी पाचही बोटांची टोके एकत्र करून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गोल घासावीत, म्हणजे नखांच्या कडांखाली फेस शिरतो. आपण घास बोटांच्या टोकांनीच उचलतो, हे लक्षात घेतले तर या शेवटच्या पायरीला एवढे महत्त्व का, ते वेगळे समजवावे लागत नाही. विळीवर मासळी साफ केल्यावर नखाखाली खवला अडकलेला दिसतो. जेथे खवला राहतो तेथे डोळ्यांना न दिसणारेही बरेच काही राहते, म्हणून नखे कापलेली असावीत. अंगठी बोटात गच्च बसली असेल तर ती जागच्या जागी फिरवून तिच्याखाली फेस पोहोचवावा आणि बांगड्या कोपराकडे सरकवाव्यात.

हे चोळणे किमान २० सेकंद चालले पाहिजे. ओले करण्यापासून कोरडे करण्यापर्यंतच्या सगळ्या कृतीला जागतिक आरोग्य संघटना ४० ते ६० सेकंद धरते. मुलांना सेकंद मोजायला लावण्याऐवजी बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणायला लावावा. हातही धुऊन होतात आणि पाढाही पक्का होतो.

कोरडे करण्याचा भाग आपल्याकडे फार दुर्लक्षिला जातो. ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा सहज इकडून तिकडे जातात, त्यामुळे हात झटकून तसेच कामाला लागणे योग्य नाही. गोव्याच्या पावसाळ्यात न्हाणीजवळ टांगलेला सर्वांचा मिळून एक टॉवेल चार-चार दिवस वाळतच नाही आणि धुतलेले हात त्याच कुबट फडक्याला पुसले जातात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तरी प्रत्येकाचा छोटा नॅपकिन वेगळा असावा आणि तो रोज बदलावा.

आता वेळा. शौचानंतर आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी, या दोन वेळा कोणत्याही कारणाने चुकवू नयेत. अन्न म्हणजे केवळ दुपारचे जेवण नव्हे. सकाळी दारात आलेल्या पोदेराला (पाववाल्याला) सुटे पैसे देऊन त्याच हाताने पाव मोडून चहात बुडवणे हाही अन्नाला हात लावण्याचाच प्रकार आहे. याखेरीज बाळाचे लंगोट बदलल्यावर, नाक शिंकरल्यावर, आजाऱ्याची शुश्रूषा करण्यापूर्वी व नंतर आणि बाहेरून घरी आल्यावर हात धुवावेत.

सॅनिटायझर कोठे चालतो, कोठे नाही

साबण-पाणी जवळ नसेल तेव्हा सॅनिटायझर वापरावा. त्यात अल्कोहोलचे प्रमाण किमान ६० टक्के असले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन प्रमाणित कृतींपैकी एकीत ८० टक्के इथेनॉल आणि दुसरीत ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. मग शंभर टक्के अल्कोहोल आणखी चांगले, असे कोणाला वाटेल, पण तसे नाही. अल्कोहोल विषाणूंची व जिवाणूंची प्रथिने बिघडवते, आणि त्या कामाला थोडे पाणी लागते. शिवाय शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जाते.

गोव्यात याला जोडून एक प्रश्न हमखास निघतो, अर्धा थट्टेने आणि अर्धा खरोखर: फेणी चालेल का? चालणार नाही. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली काजू फेणी साधारण ४० ते ४५ टक्क्यांची असते आणि हुर्राक, म्हणजे काजूचीच पहिल्या धारेची दारू, तर त्याहून पुष्कळच सौम्य. दोन्ही ६० टक्क्यांच्या खाली राहतात. भट्टीवरचा माल हाताला चोळून वास तेवढा येईल.

बाटली घेताना अल्कोहोलचे नाव व टक्केवारी, उत्पादन परवाना, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का ते पाहावे. यांपैकी काहीच नसलेली स्वस्त, सुटी बाटली घेऊ नये, कारण भेसळीत मिथेनॉल सापडण्याचा धोका असतो आणि ते विष आहे. २०२० मध्ये अमेरिकेत अशा अनेक मालांविरुद्ध सरकारी इशारे द्यावे लागले होते. वेष्टनावर ठळकपणे लिहिलेल्या ९९.९ टक्क्यांना फार भुलू नये. तो आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक जंतूंवरचा असतो, बाजारातून आलेल्या हातावरचा नव्हे.

वापरताना तळहाताच्या खोलग्यात भरेल एवढा घ्यावा आणि साबणाच्याच रीतीने अंगठे व बोटांची टोके यांसह, हात आपोआप कोरडे होईपर्यंत चोळावा. याला २० ते ३० सेकंद लागतात. दहा सेकंदांतच हात वाळले तर सॅनिटायझर कमी पडला असे समजावे. कपड्याला पुसू नये, हात ओले असताना लावू नये, कारण पाण्याने त्याची ताकद उतरते. कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) काम करून आलेल्या मातकट हातांवर, मासळीच्या बुळबुळीवर किंवा तेलकट हातांवर त्याचा प्रभाव फार कमी पडतो, कारण अल्कोहोल मळाच्या खाली पोहोचत नाही आणि मळ काढूनही टाकत नाही.

अल्कोहोल पेटते, आणि त्याची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. चतुर्थीच्या आरतीला समईजवळ उभे राहताना, गॅस पेटवताना किंवा दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळताना हात पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करून घ्यावी. मे महिन्याच्या उन्हात बंद मोटारीत बाटली ठेवू नये. लहान मुलांच्या आवाक्यात ती नसावी. डोळ्यांत थेंब गेल्यास लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवावेत आणि डॉक्टरांना दाखवावे. हंगामात काजूच्या बोंडांत व सालींत काम करणाऱ्यांची त्वचा आधीच सोललेली असते, तेथे सॅनिटायझर झोंबतो. अशांनी साबणाने हात धुऊन, कोरडे करून वर खोबरेल तेलाचा हात फिरवावा, कारण भेगाळलेली त्वचा हीच जंतूंना मिळालेली वाट असते.

किती भरवसा ठेवावा

हात धुण्याच्या सवयीचे शिक्षण दिलेल्या समाजांत जुलाबाच्या आजारांचे प्रमाण २३ ते ४० टक्क्यांनी आणि सर्दी-खोकल्यासारख्या श्वसनाच्या आजारांचे १६ ते २१ टक्क्यांनी घटते, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मांडलेले आकडे सांगतात. दोहोंतील फरक समजण्यासारखा आहे. कोरोना आणि फ्लू मुख्यतः हवेतून पसरतात, म्हणून तेथे उघड्या खिडक्या, मास्क आणि लस यांचे काम हात धुण्याने होत नाही. पोटाच्या आजारांत मात्र हात हाच मोठा वाहक असतो. डेंग्यू डासाने येतो आणि सत्तरी तालुक्यात आढळलेला माकडताप गोचिडीच्या चाव्याने; दिवसभर हात धुतले तरी या दोन्ही आजारांना त्याने अटकाव होत नाही.

घरात कोणाला उलट्या-जुलाब होत असतील तर शुश्रूषा करणाऱ्याने सॅनिटायझरवर विसंबू नये. नोरोव्हायरसपुढे तो कमी पडतो, म्हणून प्रत्येक वेळी साबण आणि वाहते पाणीच वापरावे. घाण झालेली फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसावी, पण ब्लीच हातांना लावू नये आणि संडास धुण्याच्या ॲसिडात कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. आजारी माणसाने लक्षणे थांबल्यानंतरही निदान दोन दिवस स्वयंपाकाला किंवा वाढपाला हात लावू नये. देवळातील महाप्रसादात किंवा चतुर्थीला मूळ घरी जमलेल्या तीस-चाळीस माणसांच्या पंगतीत हा नियम पाळणे अवघड जाते, कारण हौसेने वाढायला उठलेल्याला बसवणे कोणालाच आवडत नाही; तरीही यजमानाने ते करावे, आणि पंगतीच्या वाटेवर नळ बसवलेले पिंप व जाळीच्या पिशवीत बांधलेली साबणाची वडी पाने मांडण्याआधीच ठेवून द्यावी.