बायोडाटा आणि मुलाखतीची तयारी : या चुका टाळा

मराठवाड्यातील आयटीआय, पदविका आणि पदवी महाविद्यालयांत प्लेसमेंटचे वारे वाहू लागले की आठवडाभरात बायोडाटा आणि मुलाखतीची तयारी उरकून टाकण्याची पद्धत पडली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत एकदा लागलेली आपली मुले मेहनतीने काम करतात आणि टिकतात. मात्र त्याआधीच, कागदावर आणि मुलाखतीच्या खोलीत, त्यांच्यातील कितीतरी जण गळतात. या चुका विद्यार्थ्यांच्या नावावर खपवल्या जात असल्या, तरी त्यांतील बऱ्याच शिकवणाऱ्यांच्या घाईतून आलेल्या असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उसना बायोडाटा. मागच्या वर्षीच्या कोणाची तरी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, नेट कॅफेत नाव आणि टक्केवारी बदलली जाते आणि प्रिंट निघते. वाळूजच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी विद्यार्थ्यांसोबत गेलो होतो, तेव्हा मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी मला आत बोलावून चार बायोडाटा टेबलावर शेजारी शेजारी मांडले. चौघांचे करिअरचे उद्दिष्ट शब्दशः एकच होते, चौघांचे छंद वाचन आणि क्रिकेट होते आणि परभणीच्या मुलाच्या कागदावर सहीशेजारी मूळ फाइलवाल्याचे ‘ठिकाण : पुणे’ तसेच राहिले होते. “सर, यातला कोणता कोणाचा, हे तुम्हाला तरी सांगता येईल का?” एवढेच त्यांनी विचारले. त्याच चौघांपैकी एकाने सुट्ट्यांमध्ये गावातील वेल्डिंगच्या दुकानात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पेरणीयंत्रे दुरुस्त केली होती, आर्क वेल्डिंगवर त्याचा हात चांगला बसला होता आणि कारखान्याला नेमका तसाच मुलगा हवा होता. परंतु त्या कागदावर याचा एक शब्दही नव्हता.

म्हणून बायोडाट्याच्या पहिल्या तासाला मी संगणक उघडू देत नाही. विद्यार्थ्याने वहीत, मराठीत, आपण स्वतःच्या हातांनी काय केले, कोणत्या यंत्रावर केले, काय बिघडले आणि ते कसे दुरुस्त केले हे लिहायचे. ‘प्रकल्पात सहभाग’ हे मी खोडतो. ‘मळणीयंत्राच्या चाळणीचे रेखाटन मी केले, जोडणी इतरांनी केली’ हे ठेवतो. इंग्रजी करणे आणि एका पानात बसवणे ही कामे त्यानंतरची आहेत. मित्राचे दहा मिनिटांत झाले, मग आम्हालाच एवढा वेळ का, अशी कुरकुर दरवर्षी होते आणि तिच्यापुढे नमू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक पाठ केलेल्या परिचयाची. ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटले की मुले इंग्रजी उतारा घडाघडा म्हणतात आणि मध्ये कोणी थांबवले की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतात. मेकॅनिकल पदविकेच्या एका विद्यार्थ्याला मुलाखत घेणाऱ्या अभियंत्याने ‘मापन साधनांचे ज्ञान’ या ओळीवर थांबवले, खणातून व्हर्निअर काढून हातात दिले आणि पिनचा व्यास मोजायला सांगितला. नेहमीच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, हे त्याने परीक्षेत अनेकदा लिहिले होते. हातातील साधन मात्र त्याला वाचता आले नाही. त्यामुळे सरावात मी परिचय कधीच पूर्ण होऊ देत नाही. बायोडाट्यातील प्रत्येक ओळीवर किमान दोन प्रश्न विचारतो आणि ज्या ओळीवर विद्यार्थी अडखळतो ती एकतर शिकून घ्यायची किंवा काढून टाकायची. इंग्रजीत अडल्यास परवानगी मागून मराठीत किंवा हिंदीत नीट उत्तर द्यावे. पाठांतराच्या अर्धवट इंग्रजीपेक्षा ते केव्हाही बरे.

स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षे लपवणे ही आपल्या भागात सर्रास दिसणारी चूक आहे. राज्यसेवा किंवा पोलीस भरतीची तयारी करण्यात, अथवा पाऊस न झाल्यामुळे घरच्या शेतीला हातभार लावण्यात गेलेली दोन-तीन वर्षे लाज वाटण्यासारखी मुळीच नाहीत. ‘राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी’ अशी सालासह एक सरळ ओळ पुरते. त्या जागी खोटा अनुभव दाखवला तर पहिल्याच चौकशीत तो उघडा पडतो आणि मग खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव, आधारवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांतील फरक रुजू होण्याच्या दिवशी शोधू नये. दुरुस्तीला वेळ लागतो. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि शिकाऊ उमेदवारीनंतर मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत, त्यांचा उल्लेखही वेगळा करावा. टोपणनावाचा ई-मेल पत्ता बदलावा. धर्म, जात आणि वैवाहिक स्थिती खासगी नोकरीच्या बायोडाट्यात मागितल्याशिवाय लिहू नये. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन उचलावा.

बीड, हिंगोली, परभणीकडून सकाळच्या गाडीने येणाऱ्यांनी ‘एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर’ एवढ्या पत्त्यावर निघू नये. शेंद्रा शहराच्या पूर्वेला जालना रस्त्यावर आहे आणि वाळूज पश्चिमेकडे पुणे रस्त्यावर. वसाहतीचे नाव, सेक्टर आणि भूखंड क्रमांक आदल्या दिवशीच फोन करून विचारून घ्यावा.