पाचट कुट्टी करताना आधी चावी खिशात, मग पाय जमिनीवर

वाळवा, पलूस, कराड भागात उसाचा फड रिकामा झाला की खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पिकाची, घाई सुरू होते. १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच खोडवा धरायचा असतो, त्यामुळे या दिवसांत पाचट कुट्टीच्या, म्हणजे उसाची वाळलेली पानं रानातच बारीक करणाऱ्या, ट्रॅक्टरला नंबर लावावा लागतो. ड्रायव्हरला संध्याकाळपर्यंत चार शेतं उरकायची असतात, मालकाला पाण्याची पाळी चुकवायची नसते. पाचटाला काडी लावून पेटवण्यापेक्षा कुट्टी बरी, यात वादच नाही. पण या यंत्राची मला खरी भीती वाटते ती ते चोंदतं तेव्हा.

गेल्या हंगामात आमच्याच रानात ठिबकची एक लॅटरल पाचटाखाली राहून गेली. पात्यांनी ती ओढून घेतली आणि बघता बघता रोटरवर नळीचा जाडजूड बिंडा तयार झाला. ड्रायव्हर पीटीओ, म्हणजे मशीनला फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट, चालू ठेवूनच उतरला, हातात विळा. मी ओरडलो म्हणून थांबला. वर मलाच म्हणाला, "काका, दोन मिनिटांचं तर काम आहे!"

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा घेर वीतभर धरला तरी दीड मीटरचा टॉवेल एका सेकंदाच्या आत गुंडाळला जातो, आणि त्यामागोमाग मान किंवा हात. त्यामुळे चोंदलं की आधी पीटीओ बंद करा, मशीन जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि चावी काढून खिशात घाला. त्यानंतरच खाली उतरा. पीटीओ सोडला तरी रोटर काही वेळ स्वतःच्या वजनानं फिरत राहतो. तो पूर्ण थांबलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत जवळ जाऊ नका. पाती बघायला मशीन उचलावंच लागलं तर खाली लाकडाचे ओंडके लावा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली शिरू नका. पाइप फुटला किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला की संपलं.

जानेवारीच्या थंडीत मफलर लागतो, कबूल आहे. पण तो शर्टाच्या आत खोचा. लुंगी, सैल बाह्या, गळ्यातला टॉवेल घेऊन शाफ्टजवळ फिरकू नका. शाफ्टचं प्लॅस्टिक कव्हर ग्रीस करायला अडचण होते म्हणून काढून गोठ्यात टांगलेलं असतं. ते आधी बसवा. शिअर बोल्ट, म्हणजे जादा ताण आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटला तर तसाच नवा टाका. सारखा तुटतो म्हणून टणक बोल्ट ठोकला की पुढचा दणका थेट गिअरबॉक्सवर बसतो.

मशीन घालायच्या आधी रानात एक चक्कर मारा. ऊसतोड टोळीनं चहासाठी मांडलेले चुलीचे दगड बांधाकडेला तसेच पडलेले असतात. पाचटाखाली पाणीपुरवठ्याचं चेंबर, व्हॉल्व्ह, विजेच्या खांबाची ताणाची तार दडलेली असते. तिथं काठी रोवून वर फडकं बांधा. पाचटात सावलीला झोपवलेलं टोळीतलं लेकरू नाही ना, हेही बघा. कराड, शिराळ्याकडं उसात बिबट्याची पिल्लं सापडतात. दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दीही करू नका, १९२६ वर वन विभागाला कळवा.

पात्यात सापडलेला दगड शंभर मीटरपर्यंत भिरकावला जाऊ शकतो. चौरस एकराची बाजू साधारण ६४ मीटर, म्हणजे शेजारच्याचं रानही टप्प्यात आलं. मागच्या साखळ्या किंवा रबरी पडदा तुटलेला असेल तर मशीन चालवू नका. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वेचायला आलेल्या बायकांना आधी वेचू द्या, त्या लांब गेल्या की मगच सुरुवात करा. मडगार्डवर कुणालाही बसवू नका, पोराला तर नाहीच.

दहिवर असताना ओलं पाचट फार गुंडाळतं, म्हणून दहा वाजल्यानंतरच लागा. पुढं दुपारी पाचट कडकडीत होतं, तेव्हा दर तासाला थांबून सायलेन्सर आणि बेअरिंगजवळचा भुसा झाडा. पाण्याचं बॅरल बांधावर असू द्या. पीटीओ कमी रेसवर जोडून मग रेस वाढवा. पीटीओला १००० ची सोय असली तरी मशीन ५४० चं असेल तर ५४० वरच चालवा. वळताना मशीन पूर्ण उचलायचं तर पीटीओ बंद करा, नाहीतर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो.

कुट्टी झाली की हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या.

इतकं करूनही काही झालंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. कापड सारखं उचलून बघत बसू नका.

आणि जेवायला बसताना मशीन जमिनीवर टेकवूनच ठेवा. उचललेल्या मशीनखाली सावलीला कुत्रं जाऊन बसतं, आणि त्याच्यामागं पोरं.