ग्लेशियर बेमधील मत्स्यसर्वेक्षणात सहाय्यक म्हणून जाताना

अलास्कातील ग्लेशियर बे हा उपसागर १७५०च्या सुमारास जवळजवळ पूर्णपणे बर्फाखाली होता. त्यानंतर हिमनदी सुमारे शंभर किलोमीटर मागे सरकली आणि उघड्या पडलेल्या जमिनीवरून नवे ओढे वाहू लागले. या ओढ्यांत कोणते मासे कोणत्या क्रमाने वस्तीला येतात, याची नोंद मत्स्यशास्त्रज्ञ कित्येक दशके ठेवत आले आहेत. त्यांच्या तुकडीत सहाय्यक म्हणून जायची संधी मिळणार असेल, तर तयारी घरापासूनच करावी.

ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानाच्या संशोधन परवान्याखाली आपल्याला काम करता येते का आणि आपला व्हिसा त्या कामाला चालतो का, हे तुकडीप्रमुखांकडून आधी लेखी घ्यावे. जूनो शहरातून विमानाने किंवा फेरीबोटीने गस्टेव्हस हे गाव गाठता येते; बाहेरून तेथे येणारा रस्ता नाही. पुढे बार्टलेट कोव्हहून बोटीने जावे लागते. सुती कपडे नेऊ नयेत, कारण ते भिजले की लवकर वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घ्यावेत.

कोकणातले उधाण पाहिलेल्यालाही येथील समुद्र चकित करतो, कारण भरती-ओहोटीतला फरक सात मीटरांपर्यंत जातो. तंबू भरतीच्या रेषेच्या बराच वर लावावा. स्वयंपाक मात्र त्या रेषेखाली करावा, म्हणजे अन्नाचा वास आणि सांडलवंड भरतीबरोबर धुऊन जाते. अस्वलांचा वावर असल्यामुळे अन्न अस्वलरोधक डब्यातच ठेवावे. हिमनदीच्या पाण्याचे ओढे शक्यतो सकाळी ओलांडावेत. दुपारी बर्फ वितळून पाणी चढते. ओलांडताना पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे तोल गेलाच तर ती झटकन टाकता येते.

मासे पकडण्यासाठी दोन्ही टोकांना नरसाळ्यासारखी तोंडे असलेला जाळीचा छोटा सापळा वापरतात. आमिष म्हणून सॅमनची अंडी भोके पाडलेल्या डबीत घालून सापळ्यात ठेवतात. सापळा संथ पाण्यात लावावा आणि ठरलेल्या वेळीच उचलावा. सापडलेली पिल्ले बहुधा बोटाएवढी असतात. कोहो सॅमनच्या पिल्लाच्या अंगावर उभे गडद पट्टे दिसतात आणि गुदपराची (पोटाखालच्या, शेपटीजवळच्या पराची) पुढची कड पांढरी असून तिच्यामागे काळी रेघ असते. डॉली व्हार्डन या माशाच्या अंगावर गडद पार्श्वभूमीवर फिकट ठिपके असतात. शंका असल्यास अंदाजाने नाव लिहू नये, जाणत्याला दाखवावे.

माशाला धरण्यापूर्वी आपला हात त्याच ओढ्याच्या पाण्यात भिजवावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. लांबी मुस्कटापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात. मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगावा, लिहिणाऱ्याने तो उच्चारून मगच पेन्सिलीने पाणरोधक वहीत लिहावा. बादलीतले पाणी वारंवार बदलावे. मोजण्यासाठी दिलेल्या भुलीच्या औषधातून मासा पुरता सावरला, स्वतःहून पोहू लागला, की जेथे पकडला तेथेच सोडावा.

रिकामा निघालेला सापळा नवख्यांना नोंदण्याजोगा वाटत नाही, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पुढे कधीतरी या ओढ्यात पहिली पिल्ले सापडतील, तेव्हा ती खरोखरच पहिली होती हे आधीच्या शून्यांवरूनच कळणार असते. म्हणून पावसात बोटे बधिर झाली असली, तरी सापळ्याचा क्रमांक, लावल्याची वेळ, उचलल्याची वेळ आणि त्यापुढे ठळक ० लिहूनच वही मिटावी.