आमवात आहे? मग हिरड्यांकडे बघा, हे असं

ब्रश करताना थुंकी लाल आली की आपल्याकडे बरेच जण त्या बाजूला ब्रश लावायचंच बंद करतात, आणि तिथेच घाण साठून सूज अजून वाढते. रक्त येतंय तिथेच हळू हाताने, सॉफ्ट ब्रशने, हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका धरून घासायचं. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर डेंटिस्ट.

आता याचा आमवाताशी, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सुजणाऱ्या बोटांच्या सांध्यांशी काय संबंध? हिरड्यांच्या आजारात पोर्फिरोमोनास जिंजिवालिस नावाचा जंतू सापडतो, त्याच्याकडे एक एन्झाइम असतं जे प्रोटीनमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन नावाच्या दुसऱ्याच घटकात रूपांतर करून टाकतं, आणि असं बदललेलं प्रोटीन काही जणांच्या शरीराला परकं वाटतं मग त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. आमवात ओळखायला अँटी-सीसीपी नावाची रक्ताची टेस्ट करतात, तिच्यात बघतात त्या अँटीबॉडी याच जातीच्या. 2016 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने अजून एक जंतू दाखवला, तो पांढऱ्या पेशींना भोकं पाडून तसाच घोळ घालतो. म्हणून हिरड्या खराब म्हणजे आमवात होणारच असं अजिबात नाही हं, जीन्स असतात, सिगरेट तर दोन्ही आजारांना खतपाणी घालते. आणि मिश्री लावायची सवय असेल तर ती सोडा, हिरड्यांचं वाटोळं करते ती.

डेंटिस्टकडे गेल्यावर नुसतं "क्लीनिंग करा" म्हणू नका, पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दातामधली फट, किती खोल आहेत ते मोजायला सांगा. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 4 आणि वर गेलं की हिरडी दातापासून सुटायला लागलीय असं समजायचं आणि मग हिरडीखालचं डीप क्लीनिंग लागू शकतं. स्केलिंगने, म्हणजे याच क्लीनिंगने, दात हलतात हे ऐकून घाबरू नका, हाड आधीच झिजलेलं असतं, वरचा टार्टर, म्हणजे दातावर साठलेला कडक थर, निघाला की ते फक्त लक्षात येतं. हिरड्या साफ केल्यावर सांधेदुखीही कमी होते का, तर काही छोट्या अभ्यासांत फरक दिसला, काहींत नाही, त्यामुळे या भरवशावर आमवाताच्या गोळ्या बंद करायचा विचारही नको.

खरी अडचण घरी येते. सकाळी बोटं आखडलेली, मूठच वळत नाही, ब्रश धरणार कसा? आधी हात कोमट पाण्यात थोडा वेळ धरा, किंवा नीट ब्रशिंग रात्रीचं ठेवा आणि सकाळी जमेल तेवढंच. ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचं रबरी ग्रिप चढवलं की धरायला एकदम सोपं होतं, नाहीतर इलेक्ट्रिक ब्रश घ्या, त्याचा दांडा मुळात जाड असतो. फ्लॉसचा दोरा बोटांना गुंडाळत बसू नका, वैताग येतो, त्यापेक्षा दातांच्या फटीत घालायचे छोटे ब्रश मिळतात ते बरे.

अपॉइंटमेंट दुपारची घ्या, तोपर्यंत सांधे मोकळे होतात. मान दुखत असेल तर आधीच सांगा, खुर्चीत मान फार मागे नको, मानेखाली छोटी उशी मागा, जबडा दुखला तर मध्ये थांबवायला सांगा. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्याच, स्टेरॉइड आणि बायोलॉजिक (आमवातासाठी देतात ती प्रतिकारशक्ती दाबणारी) इंजेक्शन तर आवर्जून सांगायचं. मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी चालू असेल तर आमवातासाठी ती आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. ही गोळी चालू असताना तोंडात फोड किंवा चट्टे आले तर हिरड्यांचंच काहीतरी असेल म्हणून माऊथवॉशवर भागवू नका, त्याच दिवशी सांध्यांच्या डॉक्टरांना फोन लावा.